दुसरा पुरवठादार

माणगेवाडीच्या रुग्णालयात सर्पदंशावरचं औषध आता फ्रिजमध्ये नव्हे, सगुण परुळेकरच्या अंगात ठेवलेलं असे.

पूर्वी ते बाटल्यांत यायचं. महागडं, सतत गारव्यात सांभाळावं लागणारं. साप कुणाला कधी चावेल याचा नेम नसल्यामुळे साठा तर हवाच, आणि निम्मा साठा मुदत संपून फेकला जाई. मग शास्त्रज्ञांनी एक जनुक घडवलं. ते माणसाच्या शरीरात बसवलं की त्याच्या रक्तातच विषावरचा उतारा तयार होत राहतो. अशा माणसाला उतारधारक म्हणत. रोगी आला की धारकाला बोलवायचं आणि हवं तेवढं रक्तद्रव काढून घ्यायचं. साठवणुकीचा खर्च शून्य. कोठार स्वतःच्या पैशानं जेवत होतं.

भांडारप्रमुख शरयू खरेदीत मोठी चिवट. सगुणला पुरवठादार म्हणून तिनेच निवडलं होतं. नवरा म्हणून नंतर. "माल चांगला निघाला," असं ती मैत्रिणींना सांगे.

अडचण एकच होती. धारकाला रुग्णालयापासून अर्ध्या तासापलीकडे जाता येत नसे. सगुण बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, आणि त्याला मोठ्या जहाजावरची नोकरी चालून आली होती. लहानपणापासून त्याला दुसरं काही नकोच होतं. पण दुसरा धारक नोंदला गेल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

म्हणून शरयूने 'समतोल'ला शोध घ्यायला सांगितलं. पुरवठादार निवडायचा आणि दर खेपेला किती मागवायचं ते ठरवायचं, हे त्या यंत्रणेचं काम. सर्वांत जवळचा, सर्वांत स्वस्त, जास्तीत जास्त वर्षं पुरणारा, असे नेहमीचेच निकष तिने भरले.

उत्तर घेऊन डॉ. सप्रे स्वतः आले. उताऱ्याच्या जनुकावर काम करणारे शास्त्रज्ञ ते. एरवी फोनवर भागवायचे. आज खुर्ची ओढून बसले.

"दुसरा पुरवठादार सापडलाय."

"भाव काय म्हणतोय?"

"भाव नाही. वाहतूक नाही. साठेक वर्षं सहज पुरेल."

"इतकं स्वस्त? काहीतरी खोट असणार. कुठला आहे?"

सप्रे टेबलावरच्या पेपरवेटशी चाळा करत राहिले. "हे जनुक मुलांत उतरत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. चुकलो. तुमच्या परवाच्या गर्भतपासणीत ते दिसलं."

शरयूला पाचवा महिना होता.

"पुरवठा कधीपासून?" तिने विचारलं. इतक्या वर्षांची सवय, जीभ आपसूक वळली. आपण काय विचारलं ते ध्यानात आलं तशी तिला स्वतःची शिसारी आली.

"सातव्या वर्षापासून. मात्रा वजनाप्रमाणे वाढवायची." सप्रेंचा आवाज खाली गेला. "तोवर जिल्ह्याहून बाटल्या येतील. आई म्हणून तुमची संमती लागेल आणि भांडारप्रमुख म्हणून मंजुरी. दोन्ही दिलीत की सगुण उद्या मोकळा."

"आणि नाही दिली तर?"

"तर सगुण आहेच."

तेवढ्यात सगुणच दारात आला. हात ग्रीसने माखलेले.

"काय गो, गावलो काय कोण?"

नाही म्हणायचं, असं ठरवूनच तिने वर पाहिलं. पण त्याचा आशेने फुललेला चेहरा बघून तिची मान होकारार्थी हलली.

"मगे मी सुटलंय!" तो पोरासारखा हसला. सप्रेंकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते. सगुणचं हसू ओसरलं. इतकी वर्षं त्या अर्ध्या तासाच्या आत काढलेला माणूस तो. नव्या धारकाबद्दल त्याला मनापासून वाईट वाटलं.

"आणि कोण गो तो बापडो? आता तेका खंयच जाऊक गावचा नाय."