तिसरा हिसका

शेकोटीजवळ सरका, पोरांनो, आणि ते मोबाइल खिशात घाला. आमच्या नात्यातल्या एका बाईची गोष्ट आहे. तिच्या तोंडून ऐकली तशीच सांगतो.

ती उत्तरेकडच्या बर्फाच्या डोंगरात, एका हिवाळी शिबिरात स्वयंपाक करायची. शहरातली माणसं यायची, दिवसा कडे चढायची, संध्याकाळी गोष्टी ऐकायची आणि अंधार पडला की एकच दोर धरून, तोंडातून ब्र न काढता जंगलातून चालायची. मन शांत होतं म्हणे! शिबिर तिच्या नवऱ्याने आणि त्याच्या जिवलग दोस्ताने मिळून काढलेलं. नवरा दोर सांभाळायचा, दोस्त ध्यान शिकवायचा. पण एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, म्हणून सगळे त्याला मौनीबाबा म्हणत.

एका हिवाळ्यात नवरा नाहीसा झाला.

"शहरात कुणीतरी आहे त्याचं, वहिनी," मौनीबाबा मान खाली घालून म्हणाला. "तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत नव्हती त्याची."

बाईने वर्षभर नवऱ्याला शिव्याशाप दिले, आणि मौनीबाबाला भावासारखं गरम गरम वाढलं.

तर, पुढच्या हिवाळ्यातली, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. दिवेलागणीला ती कोठीतून दोर आणायला गेली. दोराच्या टोकाला नवऱ्याने मारलेली गाठ असायची, डावखुऱ्या हाताची, दुसऱ्या कुणाला न जमणारी. ती गाठच नव्हती. दोर चांगला चार हात आखूड, आणि टोक सुरीने कापल्यासारखं साफ.

"उंदरांनी कुरतडला असेल," मौनीबाबा म्हणाला. "आज एक माणूस कमी आहे. वहिनी, रांगेच्या शेवटी तुम्ही चला."

नियम साधा होता. पुढच्याने दोन हिसके द्यायचे, शेवटच्याने उलट दोन. म्हणजे सगळे आहेत. नवरा शेवटी असला आणि ती रांगेत असली, की तो हळूच तिसरा द्यायचा. तो तिच्यासाठी. रांगेच्या पुढे चालणाऱ्या मौनीबाबालाही तो कळायचा, आणि तो दरवेळी हसायचा.

रांग तळ्याकाठी आली. तळं गोठलेलं. पुढून दोन हिसके आले. तिने दोन दिले.

मग मागून आले.

तिच्या मागे कुणी नव्हतं. दोराचं मोकळं टोक बर्फात लोळत होतं... ते ताणलं गेलं.

एक. दोन.

...आणि हळूच, तिसरा.

रांग जागीच थबकली. दोर तळ्याकडे सरकू लागला. एकेकाने दोर सोडला. तिने सोडला नाही. मौनीबाबाला सोडता येईना, त्याच्या कमरेलाच तो बांधलेला.

"सोड मला!" तो किंचाळला. "अरे, त्या रात्री तळ्यावर आपण दोघंच होतो, बर्फ फुटला होता! दोर कापला नसता तर मीही बुडालो असतो!"

दोर सैल पडला.



"जीव वाचवलास, ठीक," ती म्हणाली. "पण तो पळाला, असं का सांगितलंस?"

"शिबिर बंद पडलं असतं, वहिनी..."

वर्षभर जेवू घातलेल्या माणसाने केसाने गळा कापला होता. आणि ज्याला तिने दगाबाज म्हटलं, तो या बर्फाखाली एकटा पडून होता. ती तिथेच बसून हमसून हमसून रडली.

सकाळी पोलीस मौनीबाबाला घेऊन गेले. तिने दोर गुंडाळायला घेतला. तो पूर्वीइतकाच लांब भरला. जोड कुठेच दिसेना. टोकाला डावखुऱ्या हाताची गाठ होती, पाण्याने निथळत.

दोर तिच्या घरी चुलीवर टांगलेला आहे. गाठ अजून वाळलेली नाही.