खोचलेल्या चादरीतला साप

हे खरं आहे. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खाली कॉमेंटमध्ये अक्कल पाजळत बसू नये, सरळ पुढची गोष्ट वाचावी. मी कुणाची मनधरणी करायला बसलेली नाही.

आणि आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही. रात्री मी कामावर असते. जे घडलं ते सकाळी घडलं. लख्ख उजेडात. बाहेर दूधवाल्याची सायकल, शेजारच्यांच्या रेडिओवर बातम्या, आणि बंद दाराआड मी.

मी भाज्या गोठवायच्या कारखान्यात रात्रपाळीला आहे. पट्ट्यावरून मटारचे दाणे सरकत येतात. काळे-फुटके वेचून काढायचे, बाकीचे पुढे गोठवणखोलीत जातात. आतून सुती हातमोजे, वरून रबरी, तरी तासाभरात बोटं आपली राहत नाहीत. पहिल्याच दिवशी मुकादमाने बजावलं होतं, "सुटल्यावर हात गरम पाण्यात घालायचे नाहीत. कातडी जाईल. काखेत धरायचे. आपसूक येतात जागेवर."

तेव्हापासून मी रोज सकाळी स्वतःलाच मिठी मारून घरी चालत येते. लोक बघतात. बघू देत.

घर म्हणजे एक खोली. खोलीत एक खाट. आणि त्या एका खाटेला भाडेकरू दोन.

दुसरी शिवणवाली. कपड्यांच्या कारखान्यात दिवसपाळीला. ती निघाली की मी यायचे. मी निघाले की ती यायची. घरमालकीण काकू हसायच्या, "एकीचं डोकं उठतं न उठतं तोच दुसरीचं टेकतं. उशीला बिचारीला सुट्टी नाही गं!"

शिवणवालीला मी एकदाच भेटले. पाळी संपवून थेट राहायला आले त्या सकाळी, दारात. तिने माझ्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला, माझी बोटं तिला लागली आणि ती दचकून मागे झाली.

"अगं बाई! हात आहेत की काय आहेत हे? मेलीस का काय?"

मग स्वतःच हसली. म्हणाली, "काकू सांगतील, उठल्यावर अंथरूण उघडं टाका, वारा लागू द्या. अजिबात ऐकायचं नाही. मी चादर चारी बाजूंनी खोचून जात जाईन. माझी ऊब राहील आत. तू आलीस की शीर."

आणि जाता जाता म्हणाली, "हंगाम संपला की एक दिवस बस माझ्यासोबत. चहा पिऊ. तुझं तोंड तरी नीट बघू."

मटारच्या हंगामात आम्हाला सुट्टी नसते. पण तो चहा मी डोक्यात धरून ठेवला होता. हसा खुशाल. ज्यांच्या घरात आल्यावर कुणीतरी "आलीस का?" म्हणतं त्यांना नाही कळायचं ते.

मला "आलीस का" म्हणायची ती चादर.

पाकिटासारखी घट्ट खोचलेली. डोक्याकडची कड उचलायची, हळूच आत सरकायचं... आणि आत ऊब. माणसाची. दुपारपर्यंत मी मेल्यासारखी झोपायचे.

बाकी आमची भेट वस्तूंमधून व्हायची. फणीत तिचे केस. फरशीवर रंगीत दोऱ्यांचे तुकडे. मी फुटके मटार आणून ठेवायचे, ती उसळ करून अर्धी झाकून ठेवायची. एकदा तिखट जास्त झालं होतं. मी एकटीच खोलीत ओरडले, "अगं ए, जीव घेतेस का?" आणि त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

मग तो साप यायला लागला.

पहिल्यांदा दिसला तेव्हा मी नुकती आडवी झाले होते. स्वप्नातही खोली हीच होती. तीच सकाळ, तोच रेडिओ. दाराखालच्या फटीतून तो आत आला. भिंतीच्या कडेकडेने. घाई नाही, फुत्कार नाही. खाटेच्या पायावरून चढला...

आणि पायाकडची चादर हळूच उचकली गेली.

तो आत शिरला. माझ्या पायाला लागून लांबलचक पसरला. बर्फासारखा गार.

चावला नाही. वेढा घातला नाही. नुसता टेकून पडून राहिला.

जाग आली तेव्हा मी उठून बसले. पायाशी कुणीच नव्हतं. पण पायाकडची चादर... सुटलेली होती. आणि तेवढाच पट्टा ओलसर, गार लागत होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज.

मी लोकांना विचारलं. तिथेच चुकलं. सापाला चिकटवायला प्रत्येकाच्या खिशात एकेक अर्थ तयार असतो.

मुकादम म्हणाला, "साप म्हणजे शत्रू. आणि तोही जवळचा माणूस."

"जवळ माणूस असायला नको का आधी?"

पट्ट्यावर माझ्यासमोर बसणारी म्हणाली, "चावला का? चावला तर चांगलं. नुसताच आला तर पीडा."

मावशीला फोन केला, तर ती खूश. "पाळणा हलणार बघ!"

"मावशी, नवऱ्याला सोडून मला किती वर्षं झाली?"

"ते स्वप्नाला काय माहीत?"

मोबाईलवर तर सगळा बाजारच भरलेला. काळा दिसला तर अमुक, पिवळा दिसला तर तमुक, अंगावर चढला तर बढती. मला बढती! पट्ट्याच्या या टोकावरून त्या टोकाला! रंग सांगा, लांबी सांगा, दिशा सांगा. एकानेही विचारलं नाही, की बाई, तू झोपतेस का, खातेस का, तुझ्याशी कुणी बोलतं का?

वाटलं, शिवणवालीला विचारावं. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. एका खाटेवर झोपणाऱ्या माणसाचा नंबर कशाला लागतो, असं मला वाटायचं.

आणि मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली.

फणीत केस नव्हते.

फरशीवर दोरे नव्हते.

मी ठेवलेले मटार पातेल्यात तसेच. सुरकुतलेले, वर बुरशी धरलेले.

मोरीची फरशी सकाळी कोरडी ठणठणीत. साबणाच्या वडीला भेगा पडलेल्या.

मला राग आला. म्हटलं, रुसली असेल. मागे तिखटावरून ओरडले ते काकूंनी ऐकून तिला सांगितलं असेल. किंवा कामाचा भार असेल, येत असेल फक्त पाठ टेकायला. कारण येत तर होती ना ती...

चादर रोज खोचलेली होती.

आत रोज ऊब होती.

मग त्या सकाळी मी आले तेव्हा काकू दारातच उभ्या.

"इस्पितळात एक आया आहे. जागा शोधतेय. तिला खाट दाखवू ना?"

"कुणाची खाट?"

"कुणाची काय, शिवणवालीची जागा रिकामीच आहे की."

"ती कुठे चाललीय?"

काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं. "चाललीय काय? ती गेली, त्याला किती दिवस झाले! तुला सांगून नाही गेली?"

मी हसले. खरंच हसले. "काहीतरीच काय काकू. कालसुद्धा अंथरूण गरम होतं."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी कमरेचा जुडगा पुढे केला. त्यात शिवणवालीची किल्ली होती. लाल दोरा गुंडाळलेली. मी ओळखली. खोलीच्या किल्ल्या दोनच. एक ती. दुसरी माझ्या मुठीत.

"अशी तडकाफडकी का गेली?"

"काय सांगू पोरी. तिला रोज स्वप्नात साप दिसायचा म्हणे."

किल्ली मुठीत धरून मी हात काखेत घट्ट दाबले.

"दाराखालून यायचा, भिंतीच्या कडेने. पायाकडून अंथरुणात शिरायचा आणि बर्फासारखा पायाला टेकून पडायचा. करायचा काही नाही. मी म्हटलं, अगं, करत नाही ना काही, मग घाबरतेस कशाला? तर म्हणाली, काकू, त्याला ऊब हवीय. आणि माझी सगळी संपली तरी त्याला पुरणार नाही."

काकू जायला वळल्या. मग थांबल्या.

"आणि एक काहीतरी विचित्र बोलली. म्हणाली, त्या सापाला..."

"काय?"

"कच्च्या मटारचा वास येतो."

काकू गेल्या. मी तिथेच उभी. काखेतून हात काढले. नाकाशी नेले. हा वास साबणाने जात नाही. कशानेच जात नाही.

पण मी रात्री कामावर असते. मुकादमाला विचारा. समोर बसणारीला विचारा. पट्टा सोडून मी पाणी प्यायलाही उठत नाही. मी कुणाच्या स्वप्नात कशी जाईन? आणि मी तिचं काय वाईट केलं होतं? मला फक्त तिच्यासोबत चहा प्यायचा होता.

मी दार उघडलं.

रेडिओवर बातम्या चालू होत्या. खाटेवर चादर... खोचलेली होती. डोक्याकडून, दोन्ही बाजूंनी. घट्ट.

पायाकडची बाजू तेवढी कुणीतरी सोडून ठेवली होती.

तिथून हात आत घातला. ऊब होती.

माझ्या जागी तुम्ही असता तर पळाला असता. पळून कुठे जायचं, ते तेवढं सांगा. माझे पाय बधिर होते, बोटं निळी पडली होती, आणि त्या अख्ख्या वस्तीत माझ्यासाठी गरम असलेली ती एकच जागा होती.

मी झोपले.

त्या दिवसापासून स्वप्न बदललंय. आता मी खाटेवर नसते. खाली असते. फरशी पोटाला गार लागते. दार मागे राहतं, भिंत कडेने सरकते, खाटेचा पाय समोर येतो. वर कुणीतरी झोपलेलं असतं. तोंड भिंतीकडे. शिवणवाली नाही, तिचे केस लांब होते. कोण आहे, मला अजून दिसलेलं नाही.

मी पायाकडून आत शिरते.

आणि ते जे कोण आहे ते... झोपेतच थोडं पलीकडे सरकतं. जागा करून देतं.

आया आली होती राहायला. आठवडाभरही टिकली नाही. तिच्यानंतर आली तीही गेली. जाताना दोघी काकूंशी काय बोलल्या ते मी विचारलं नाही. काकू हल्ली माझ्याशी दाराबाहेरूनच बोलतात. हंगाम संपत आलाय. मग मला रात्रीही इथेच झोपावं लागेल, आणि तेव्हा चादर कोण खोचणार, हे मला माहीत नाही.

अर्थ सांगायला कुणी कॉमेंटमध्ये येऊ नका. माझे सगळे अर्थ ऐकून झालेत.

फक्त एक करा. तुमच्या स्वप्नात कधी आलाच, गार, मुका, पायाशी टेकून पडणारा... तर ओरडू नका.

थोडं सरका.