जाळीआडचा हात

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. करिष्मा माझी सख्खी मावसबहीण आहे आणि ती उगाच घाबरणारी पोरगी नाही. हे गेल्या वर्षी अंबरनाथ एमआयडीसीत घडलं. रात्री नाही, भर दुपारी.

कारखान्यात जाळीआड एक रोबोटचा हात होता. लोखंडी भाग उचलायचा, पुढे ठेवायचा. हाताने किती वेगाने फिरायचं, वेग किती झटक्यात वाढवायचा, या मर्यादा करिष्मा कॉम्प्युटरवर ठरवायची. झटका जास्त बसला की पकडीतला भाग निसटतो.

तिचा पासवर्ड फक्त तिच्यासोबत काम करणाऱ्या महेंद्रदादाला ठाऊक होता. मानलेला भाऊ, दर वर्षी ती त्याला राखी बांधायची.

माल लवकर निघावा म्हणून त्यानेच गुपचूप मर्यादा वाढवल्या. भाग उडाला, जाळीवरून गेला आणि पलीकडे उभ्या असलेल्या जुन्या कामगाराच्या, धोंडिबामामांच्या डोक्यात बसला.

मामा जागीच गेले.

चौकशीत महेंद्रने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पासवर्ड तिचा आहे, साहेब," एवढंच बोलला.

ठपका करिष्मावर आला, नोकरी तेवढी वाचली. मामा तिला लेकीसारखं मानायचे. निदान त्यांना तरी खरं कळलं असेल, एवढाच तिला आधार होता.

मर्यादा पुन्हा कमी केल्या. जाळी छतापर्यंत नेली. आणि मग एक विचित्र प्रकार सुरू झाला...

मामा गेले त्या जागी कुणी उभं राहिलं, की हात आपोआप मंदावायचा.

"मामा अजून सांभाळतायत यार आपल्याला," आकाश, तिथला ऑपरेटर, हात जोडून म्हणाला.

करिष्माचे डोळे भरून आले. ती त्या जागी जाऊन उभी राहिली.

हात थांबला...

मोटरचा आवाज चढत गेला...

आणि हात असा झेपावला, की पकडीतला भाग सुटून तिच्या तोंडासमोर जाळीवर आदळला!

स्क्रीनवर मर्यादा होत्या तशाच होत्या.

त्याच संध्याकाळी ती हेंद्रेपाड्याला मामांच्या बायकोकडे, सगुणाबाईंकडे गेली. रडत रडत सगळं सांगितलं.

सगुणाबाईंनी तिला जवळ बसवलं.

"दहाव्याला कावला शिवत नव्हता गं. कायपन बोललो, तरी नाय. मंग म्हेंदर पुढं आला. बोल्ला, 'मामा, करिष्मानं केलं. तिला सोडनार नाय.' तवा लगेच शिवला."

"मामी, पण मी नाही केलं!"

"मी मानलं गं पोरी. पन आता त्यांना कोन सांगंल?"

करिष्माने नोकरी सोडली. महेंद्र अजून तिथेच आहे. परवा आकाश भेटला होता. महेंद्र जाळीपाशी आला, की तो हात अगदी अलगद फिरतो म्हणे.

हे मी करिष्माला अजून सांगितलेलं नाही. धीरच होत नाही.