सातव्या विहिरीचा आकडा

बसव्वा खुर्चीवर बसलीच नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या त्या छोट्या ऑफिसच्या दारात उभी राहूनच ती टेबलामागच्या भूमिकाला म्हणाली, "अक्का, माझ्या मालकांनी कुणाला इख पाजलेलं न्हाय. त्यास्नी सोडवा."

गणपतरावांनी पंख्याचं बटण दाबलं. हवालदारकीतून निवृत्त झाल्यापासून ते भूमिका हुक्केरीच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत होते.

हकिकत पेपरात येऊन गेली होती. हातकणंगल्याच्या अलीकडं पिंपळमळा नावाची वस्ती. दोन हजार चारच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथल्या विहिरींचं पाणी पिवळं झालं आणि ते पिऊन वस्तीतल्या केरबाची बायको गेली. वस्तीच्या माळावर लोखंडाला क्रोमचा मुलामा देणाऱ्या दोन शेड होत्या. ओढ्याच्या पलीकडं बसव्वाच्या नवऱ्याची, सोमशेखरची, अलीकडं शांतिनाथांची. सरकारनं इंजिनिअर नेमला. सात विहिरींचं पाणी तपासून त्यानं अहवाल दिला, की विष सोमशेखरच्या शेडमधून झिरपतंय. शेडला सील लागलं आणि सोमशेखर तुरुंगात गेला.

"शेड बंद हुऊन दोन म्हैनं झालं," बसव्वा म्हणाली, "तरी पाणी पिवळंच. परवा वस्तीतल्या चिमणाबाईचा नातू दवाखान्यात न्यायला लागला."

"मुरलेलं पाणी निघून जायला वेळ लागतो," गणपतराव समजुतीनं म्हणाले.

"लागतो," भूमिका म्हणाली. "किंवा ते अजून कुठूनतरी येतंय."

इंजिनिअर कृष्णात पोवार राजारामपुरीत भेटले. अहवाल त्यांनी अभिमानानं पुढं केला.

"पाणी आणणं, तपासणं, गणित, सगळं ऐश्वर्यानं केलं. एम.एस्सी.ची मुलगी, आमच्याकडं काम शिकते. पुस्तकावरून हे गणित तिनं स्वतः शिकून घेतलं. मला ते येत नाही, पण उत्तर बघा की! सातही विहिरींचे आकडे तंतोतंत जुळतात. वीस वर्षांत असं जुळलेलं पाहिलं नाही मी."

"ऐश्वर्या कुठली?"

"पिंपळमळ्याचीच. शांतिनाथांची मुलगी. लहानपणापासून इथं कोल्हापुरात हॉस्टेलला असते. पण गणिताला नातं कुठलं, मॅडम?"

बाहेर येताच गणपतराव पुटपुटले, "ह्यो इंजिनिअर आणि शांतिनाथ एकमेकांस्नी मिळालेत."

चिमणाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. आत नातू बेशुद्ध होता.

"केरबाच्या विहिरीचं पाणी पाजलं म्या. सायेब म्हणालं, शेड बंद झाली, आता भ्या न्हाय."

"तुमची स्वतःची विहीर होती ना?" भूमिकानं अहवालातला नकाशा बघत विचारलं.

"दिवाळीतच बुजवली की. आटली हुती. दगडमाती टाकून वर कडब्याची गंजी रचलीया." तिनं पदर तोंडाला लावला. भूमिकानं वहीत काहीतरी टिपलं.

त्याच दिवशी तिनं पिंपळमळ्यातल्या सगळ्यांना बजावलं, की एकाही विहिरीचं पाणी तोंडाला लावायचं नाही. मग ती शांतिनाथांकडं गेली. म्हाताऱ्यानं स्वतः तांब्या पुढं केला.

"घ्या. हातकणंगल्याहून आणलेलं हाय. आमच्या विहिरीला पोरीनं कुलूप घातलंय. जन्मभर पाणी गाळून प्यालो, आता ही म्हणती गाळलेलंबी नको."

"अहवालात तुमची विहीर चांगली आहे म्हटलंय."

"व्हय की! तिनंच लिवलंय."

ऐश्वर्या सुट्टीवर घरीच होती. डोळे सुजलेले. भूमिकानं गणित समजावून मागितलं तेव्हा तिनं न अडखळता सांगितलं, "विष कुठून निघालं ते माहीत असेल, तर कुठल्या विहिरीत किती पोचेल हे काढता येतं. आपल्याला उलटं जायचं असतं. विहिरींवरून मुळाकडं. एकाच पाण्याची दोन-दोन उत्तरंही निघतात कधी." आत जाऊन तिनं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. "न्या. वाचा." तिनं ते देताना नजर वर केली नाही.

भूमिकाचं गणित बी.एस्सी.पर्यंतचं. तिनं पिंपळमळ्याचं पाणी नव्यानं तपासायला दिलं आणि पुस्तकात डोकं घातलं. पहिलं प्रकरण तिनं तीनदा वाचलं. चिडली, वही फाडली, पुन्हा बसली. एकदा गणपतरावांनी चहा ठेवत विचारलं, "काय म्हणतंय बुक?"

"म्हणतंय, खरी मोजणी कधी तंतोतंत जुळत नाही. मोजताना हात हलतो, बाटली गळते, जमीन सगळीकडं सारखी नसते. थोडी चूक राहायलाच हवी."

"साक्षीदारांचंबी तसंच. चौघं शब्दाला शब्द तेच बोलले, की आम्ही ओळखायचो, पढवलेत म्हणून."

भूमिकानं पुस्तक मिटलं. "उद्या पोवारांना शांतिनाथांच्या घरी बोलवा."

दुसऱ्या दिवशी शांतिनाथांच्या घरापुढच्या सोप्यावर सगळे जमले. भूमिका उभ्यानंच बोलली.

"पोवारसाहेब, या अहवालात सातव्या विहिरीच्या पाण्याचा आकडा आहे. चिमणाबाईंची ती विहीर दिवाळीतच बुजवली. दगडमातीतनं पाणी आणलं कुणी?"

पोवारांचा चेहरा उतरला. "नकाशात सात विहिरी आहेत..."

"नकाशातच आहेत. म्हणजे हे आकडे बाटलीतून आले नाहीत, नकाशावरून आले. आधी सोमशेखरची शेड धरली आणि सात विहिरींत किती विष दिसायला हवं ते काढलं. मग त्याच आकड्यांवरून उलटं जाऊन तीच शेड शोधली. जुळणारच! पुस्तकात या लबाडीला 'उलट्या गणिताचा गुन्हा' असंच नाव आहे."

"म्हंजे पोवारांनी..." गणपतराव सरसावले.

"त्यांना हे गणित येत नाही. त्यांची चूक न समजता सही केल्याची." भूमिका वळली. "नवं पाणी मी तपासून घेतलं, गणित पुन्हा केलं. उत्तरं दोन निघतात, आणि दोन्ही ओढ्याच्या अलीकडची: शेतातला जुना खड्डा किंवा ही शेड. खड्डा कोरडा निघाला. पण हे माझ्याआधी एकीला कळलं होतं. जिच्या अहवालात बापाची विहीर चांगली आहे, तिनंच त्या विहिरीला कुलूप घातलं."

ऐश्वर्या जमिनीकडं बघत होती. "चार विहिरींचं पाणी तपासलं आणि कळलं, विष आमच्याच शेडमधलं," ती म्हणाली. "पुढच्या विहिरींवर गेलेच नाही. आण्णांना ठाऊक नव्हतं. शेडमधल्या क्रोमच्या हौदाला खालून तडा गेलाय. वाटलं, पावसाळ्याआधी काहीतरी कारण काढून हौद बदलायला लावू."

"आणि सोमशेखर?" गणपतरावांचा आवाज चढला. "आणि ते पोरगं?"



शांतिनाथ उठले. शेडमध्ये गेले, पंप लावून हौदातलं द्रावण पिंपांत उपसलं आणि रिकाम्या हौदाच्या तळात पहार घातली. लादी उखडली तशी खालची माती पिवळीजर्द ओली दिसली. म्हाताऱ्यानं पहार खाली ठेवली.

सोमशेखरला सोडवणारा जबाब पोलिसांत देण्याआधी ऐश्वर्यानं एकच मागितलं. गणपतराव तिला घेऊन दवाखान्यात गेले. व्हरांड्यात चिमणाबाईसमोर उभं राहून तिनं सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता.

चिमणाबाई ऐकत राहिली. मारायला उठेल म्हणून गणपतराव पुढं सरकले. पण ती हलली नाही.

"माझं पोरगं डोळं उघडू दे," ती म्हणाली. "मग तुझ्याशी बोलीन."

आणि आतल्या दाराकडं तोंड करून बसली. ऐश्वर्या तिच्यापासून हातभर अंतरावर, भिंतीला टेकून खाली बसली. पोलिस ठाण्यात वाट बघत असतील हे ठाऊक असूनही गणपतरावांनी तिला उठवलं नाही.