सोबतीचा खडा

प्रमोदने त्याची गाडी का विकली, याची तीन-चार कारणं आमच्या ऑफिसात ऐकायला मिळतात. ॲव्हरेज देत नव्हती, बायकोला रंग आवडत नव्हता, वगैरे.

सगळी खोटी आहेत.

खरं कारण मी सांगते, कारण मी त्या गाडीत होते. आणि खरं सांगायचं तर हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला धड जेवणसुद्धा जात नाहीये.

मी योगिनी. पुण्यात राहते. आमची कंपनी डोळे तपासायची मशिन्स विकते. गेल्या डिसेंबरात सिकंदराबादच्या एका हॉस्पिटलात मशीन बसवायचं होतं. मशीन नाजूक, म्हणून कुरिअरने न पाठवता प्रमोदच्या गाडीतूनच न्यायचं ठरलं. जाणारे आम्ही तिघं. मी, प्रमोद आणि कौस्तुभ.

कौस्तुभची बायको केतकी दिवसांत होती. तारीख अजून लांब होती, पण तिचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. कौस्तुभला घ्यायला घरी गेलो, तर तिने माझा हात धरला.

"ताई, ह्याला नीट घरी घेऊन या हं."

"अगं, हैदराबादला चाललोय, लढाईवर नाही," मी म्हटलं. "तुझा नवरा तुला परत आणून देते. माझ्यावर सोड."

हे मी बोलले. माझ्या तोंडाने.

कौस्तुभची आई, उषाकाकू, पायऱ्यांवर उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला मोजलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"तिघंच? अरे, तिघांनी कामाला निघू नये. थांबा, सुपारी आणते."

आमच्याकडे ही पद्धत अजून आहे. तिघं निघाले की चौथा म्हणून सुपारी नाहीतर एखादा खडा सोबत घ्यायचा. पण प्रमोदने गाडी चालू केली होती, मला उशिराचा राग आला होता, आणि काकू आतून येईपर्यंत आम्ही कोपऱ्यावरून वळलोसुद्धा.

उमरगा मागे पडलं. झहीराबादच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो, तर काकूंचा फोन.

"घेतलीत का रे सुपारी?"

"आई, तू पण ना!" कौस्तुभ हसत हसत रस्त्याच्या कडेने चालत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात लिंबाएवढा दगड होता. फोन स्पीकरवर चालूच होता.

"मिळाला बघ चौथा. एकदम रुबाबदार आहे. घरीच घेऊन येतो, तुला दाखवायला."

मग त्याने गाडीचं मागचं दार उघडलं. दगड सीटवर ठेवला आणि कमरेत वाकून म्हणाला, "बसा साहेब. जेवणखाण, राहणं सगळं आमच्याकडे."

आम्ही खूप हसलो. मी सगळ्यात जास्त हसले.

गाडी सुरू झाली.

टिंग... टिंग... टिंग...

मागच्या सीटवर कुणी बेल्ट न लावता बसलं की वाजतं ना, ते. मी पुढे होते, कौस्तुभ मागे. त्याचा बेल्ट लावलेला होता.

"दगडामुळे वाजतंय," प्रमोद म्हणाला.

कौस्तुभने दगड उचलून खिशात टाकला.

टिंग... टिंग... टिंग...

शेवटी वैतागून कौस्तुभने शेजारच्या रिकाम्या सीटचा बेल्ट ओढून खट्कन लावून टाकला.

आवाज थांबला.

"सेन्सर गेलाय वाटतं," प्रमोद म्हणाला. गाडी नवीकोरी होती.

सिकंदराबादचं हॉटेल क्लॉक टॉवरपासून जवळच होतं. नाव नाही सांगत, उगाच कुणाच्या धंद्यावर यायला नको. एकेकाळी चांगलं असणार. आता लाल कार्पेटचा रंग विटका झालेला, किल्लीला पितळी बिल्ला, लिफ्टमध्ये कसलंतरी बासरीचं रेकॉर्ड. पण चादरी स्वच्छ होत्या आणि हॉस्पिटल जवळ होतं. कामासाठी आलेल्या माणसाला आणखी काय हवं?

काउंटरवर नामदेवराव म्हणून म्हातारेसे गृहस्थ होते. आमचं बोलणं ऐकून खूश झाले.

"पुण्याचे काय तुम्ही? आम्ही पण मराठीच. आजोबा परभणीकडून आलते. आता पोरं घरात निम्मं तेलुगू बोलतात, काय करता!"

त्यांनी आमची तिघांची आधार कार्डं घेतली. मग मान वर करून आमच्या मागे पाहिलं.

"आणि त्या साहेबांचं?"

"कुठल्या साहेबांचं?"

"हौ, तुमच्या मागं उभे होते की आत्ता..." ते काउंटरवरून वाकून बघायला लागले. "लिफ्टकडं गेले काय?"

मी मागे वळून पाहिलं. लॉबीत कुणी नव्हतं. फक्त कार्पेटवर धुळीचे ठसे होते... दारापासून आमच्यापर्यंत आलेले.

"दुसरं कुणीतरी असेल हो," मी म्हटलं. मला तेव्हा भीती नाही वाटली. रागच आला. थकलेल्या माणसाला आधी चहा द्यावा की कोडी घालावीत?

रात्री काहीच झालं नाही, हेही सांगते. भुतं रात्री येतात म्हणे. आमच्याबाबतीत जे झालं ते दिवसाउजेडी झालं.

सकाळी नाश्त्याला बसलो. वेटरने चार बशा मांडल्या, चौथी खुर्ची ओढली आणि अदबीने तिच्या बाजूला उभा राहिला.

"साब को क्या होना? इडली या पूरी?"

कौस्तुभने हसायचा प्रयत्न केला. "साब को उपवास है."

वेटरने मान हलवली आणि पाण्याचा ग्लास भरून ठेवून गेला.

उठताना माझं सहज लक्ष गेलं. ग्लास अर्धा झाला होता... आणि काठावर माती लागली होती.

लिफ्टमध्येही तेच. आत आम्ही तिघं. दुसऱ्या मजल्यावर एक माणूस बॅग घेऊन उभा. दार उघडलं, त्याने आत पाहिलं आणि म्हणाला, "आप लोगां जाओ, जगा नहीं है."

जागा होती. आरामात होती.

दार बंद झालं. बासरी वाजत होती. आणि माझ्या मानेवर मागून कुणीतरी श्वास सोडला... गरम, डिझेलच्या वासाचा.

मी किंचाळले नाही. फक्त प्रमोदचा दंड असा धरला की त्याला दुसऱ्या दिवशीपर्यंत वळ होते.

त्या दिवशी काम कसंबसं उरकलं. संध्याकाळी, दिवेलागणीच्या जरा आधी, मी खोलीत आडवी झाले होते. शेजारची खोली कौस्तुभ आणि प्रमोदची. प्रमोद खाली गाडीत मशीनचे खोके बघत होता, मघाशीच खिडकीतून दिसला होता.

भिंत पातळ होती. पलीकडून कौस्तुभचा आवाज आला. केतकीशी बोलत असणार, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मग दुसरा आवाज आला.

खोल, घोगरा. घशात माती गेल्यासारखा.

"घरी... कोण कोण असतं?"

मी भिंतीला कान लावला.

"आई," कौस्तुभ म्हणाला. झोपेत बोलावं तसा. "केतकी... मी... आणि आता बाळ."

"बाळ..." तो आवाज म्हणाला. मग पुन्हा, "बाळ."

मी इंटरकॉमवर झडप घातली. भिंतीपलीकडे फोन खणखणत राहिला. शेवटी कौस्तुभने उचलला.

"कौस्तुभ! कोण आहे रे तुझ्याजवळ?"

"कोण असणार? झोप लागली होती ताई." मग त्याचा आवाज बदलला. "ताई... तुम्ही आत्ता इथे येऊन गेलात का? प्रमोददादाच्या पलंगावर कुणीतरी बसल्यासारखा खड्डा पडलाय..."

"बाहेर ये."

"आणि तो अजून... तसाच दबलेला आहे."

"कौस्तुभ, आत्ताच्या आत्ता बाहेर ये!"

प्रमोदला वर बोलावलं. तिघंही माझ्या खोलीत, दिवे लावून, दार सताड उघडं टाकून बसलो. तेव्हा कुठे मी तो प्रश्न विचारला, जो आधीच विचारायला हवा होता.

"तो दगड तू कुठून उचललास?"

"रस्त्याच्या कडेचा. तिथे दगड गोल मांडून ठेवले होते कुणीतरी. त्यातला एक."

प्रमोदचा चेहरा पांढराफटक पडला.

"गोल? डांबरावर? मध्ये खडूच्या रेघा होत्या?"

"पुसटशा होत्या. का?"

"अरे गाढवा!" प्रमोद ओरडलाच. "अपघात झाला की पोलीस माणूस पडल्याची जागा आखतात रे! भोवती दगड लावतात, गाड्या वरून जाऊ नयेत म्हणून!"

कौस्तुभने खिशातून दगड काढून माझ्यापुढे धरला.

आपण काय केलं होतं, ते आम्हाला कळलं. सोबतीला म्हणून आम्ही कुणाला तरी तिथून उठवून आणलं होतं. बसा म्हटलं होतं, जेवणखाण आमच्याकडे म्हटलं होतं.

आणि घरी नेतो म्हटलं होतं.

ठरलं की परत जाताना दगड जिथल्या तिथे ठेवायचा, हात जोडायचे, माफी मागायची. कौस्तुभकडून दगड मी घेतला. रुमालात बांधला, दोन गाठी मारल्या आणि पर्समध्ये ठेवला. केतकीला शब्द मी दिला होता ना!

पण उजाडताच काकूंचा फोन आला. केतकीला कळा सुरू झाल्या होत्या. बाळाला घाई झाली होती.

पहिल्या विमानाचं तिकीट काढलं, कौस्तुभला टॅक्सीत बसवलं. खरं सांगू? मला हायसंच वाटलं. दगड माझ्याकडे, कौस्तुभ विमानात. तो सुटला, असं वाटलं.

मशीनचं उरलेलं काम संपवून प्रमोद आणि मी दुपारी निघालो. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. मागचा बेल्ट प्रमोदने मुद्दाम सोडून ठेवला होता.

टिंग नाही. काही नाही.

"शांत बसलाय," प्रमोद म्हणाला.

"त्यालाही कळलं असेल, परत सोडायला चाललोय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

ती जागा सापडली. एक दगड कमी असलेला गोल अजून तसाच होता. मध्ये सुकलेली झेंडूची माळ पडली होती. आम्ही चपला काढल्या. मी रुमाल काढला. दोन्ही गाठी शाबूत होत्या.

सोडल्या...

रुमाल रिकामा होता.

आत फक्त चिमूटभर माती.

आम्ही तिथे किती वेळ उभे होतो कोण जाणे. एक ट्रक जोरात हॉर्न देत गेला तेव्हा भानावर आलो. तेवढ्यात माझा फोन वाजला. उषाकाकू.

"योगिनी, मुलगी झाली गं! दोघी सुखरूप. कौस्तुभ अगदी वेळेवर पोचला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "देवाची कृपा, काकू."

"आणि अगं, तुमच्या ऑफिसातले ते गृहस्थ त्याच्याबरोबर आलेत, त्यांना काही चहापाणी विचारू का? कधीचे बाकावर बसलेत. एक शब्द बोलत नाहीत. नुसते बाळाच्या खोलीकडे बघतायत. कपडे बघ ना त्यांचे, सगळे मातीने भरलेत..."

"काकू, आधी कौस्तुभला खिसे बघायला सांगा!" मी ओरडले.

दगड कौस्तुभच्या शर्टाच्या खिशात सापडला. त्याने शपथेवर सांगितलं की त्याने तो घेतला नव्हता. माझा विश्वास आहे त्याच्यावर. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा बाकावर कुणी नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात कौस्तुभ एकटा जाऊन दगड त्या जागेवर ठेवून आला, नारळ फोडला, पाया पडला.

बारसं झालं. सगळं छान झालं. प्रमोदने गाडी विकली. आता संपलं असं आम्ही धरून चाललो.

परवा दुपारी केतकीचा फोन आला.

"ताई, एक विचारू? तुम्ही हैदराबादला किती जण गेला होतात?"

"तिघं. का गं?"

फोनमध्ये मागून आवाज येत होता.

टिंग... टिंग... टिंग...

"कुठे आहेस तू?"

"आमच्या गाडीत. बाळाला डोस द्यायला आलो होतो. कौस्तुभ औषधाच्या दुकानात गेलाय. मी मागे बसलेय, बाळ मांडीवर आहे. माझा बेल्ट लावलाय ताई, तरी हे रोज वाजतं. कौस्तुभ काही बोलत नाही. नुसता येतो आणि माझ्या शेजारच्या सीटचा..."

खट्.

बेल्ट लागल्याचा आवाज आला. टिंग टिंग थांबलं.

"आला का कौस्तुभ?" मी विचारलं.

तिने बाळाला जवळ ओढल्याची सळसळ ऐकू आली.

"नाही ताई," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "तो समोर दुकानात उभा दिसतोय मला."

"उतर! बाळाला घे आणि आधी खाली उतर! गाडी राहू दे तिथेच. कौस्तुभ आला की रिक्षा करा आणि तिघांनी..."

आणि माझ्याच तोंडून निघालेला आकडा मला ऐकू आला.

तिघांनी.