मुनव्वर सरांचा टोन

मुनव्वर सर गिटार शिकवताना कुणाची भीडभाड ठेवत नसत. "वाजवतोयस की डास मारतोयस?" असं भर क्लासात विचारायचे. हिंजवडीत टीम लीड झाला तरी अभिनव त्यांच्या एका 'ठीक'साठी अजूनही जीव टाकायचा.

अर्धांगवायूने सरांचा उजवा हात गेला. उरली ती तरुणपणी एकट्याने वाजवलेल्या जॅझ फ्यूजनची एक कॅसेट. तिच्यातला गिटारचा टोन इतका स्वच्छ, की सूर मोकळ्या भाताच्या शितांसारखे सुटे यायचे. तो टोन सरांना पुन्हा समोर वाजवून दाखवायचा, असा अभिनवने हट्टच धरला होता.

धायरीच्या फ्लॅटमध्ये दोन हजार चारचा अख्खा उन्हाळा त्याने त्यात घातला. जाड तारा चढवल्या, ट्रेबल उतरवला, कोरसचा इफेक्ट नखभर ठेवला. कॉम्प्युटरवर कॅसेटच्या आवाजाची लहर वरची खाली उलटवून तो तिच्यावर आपलं वादन चढवायचा. दोन्ही तंतोतंत सारखी असली, तर एकमेकांना पुसून टाकणार. अर्थात तसं होणं शक्य नव्हतं. दोन माणसांचे हात एक नसतात, एवढं इंजिनिअरला कळत होतं.

एका रविवारी सकाळी दोन्ही गिटारींचे आवाज एकमेकांत पुसले गेले. मागे फक्त टेपची सरसर राहिली. तारेवरून बोट घसरल्याचा बारीक आवाजसुद्धा उरला नव्हता. त्याने वायरी तपासल्या, पुन्हा नव्याने वाजवलं. पुन्हा तेच.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण अभिनवची छाती फुगली होती. त्याने सरांच्या मुलीला, यास्मिनला, फोन लावला.

दुपारी सर यास्मिनसोबत रिक्षाने आले. खुर्चीत टेकले. यास्मिन आत चहा टाकायला गेली. अभिनवने गिटार उचलून कॅसेटमधली धून सुरू केली.

सरांनी डोळे मिटले.

"अगदी तोच," ते म्हणाले. "शाब्बास, पोरा."

अभिनवच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचाच टोन आहे, सर."

"माझा कुठला? कॅसेट केली त्या दिवशी स्टुडिओत हेडफोन घातला, तर आधीच कुणीतरी वाजवत होतं. मी नुसता त्याच्या मागोमाग गेलो. रेकॉर्डिस्ट म्हणाला, हेडफोनमध्ये काहीच सोडलेलं नाही."

अभिनवची बोटं चालत राहिली.

"आज कळलं, तो तू होतास." सरांचा चेहरा अभिमानाने उजळला होता. "माझा शागीर्द माझ्याही आधी वाजवून गेला!"

"मग... पुढे काय झालं, सर?"

"पुढे गिटार थांबली. मग तोच वाजवणारा हाका मारायला लागला. सर, डोळे उघडा. सर, डोळे उघडा ना. मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय."

यास्मिनने चहा आणून सरांपुढे ठेवला.

"अब्बू?"

सरांचे डोळे मिटलेलेच होते. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं.

"अब्बू झोपले वाटतं. अभिनव, थांब ना जरा."

त्याने नाही म्हणून मान हलवली. ओठ घट्ट मिटून घेतले.

चहावर साय धरली, तरी अभिनव वाजवतच होता.