आडवं कोपर

हस्तस्मृती प्रयोगशाळेत नव्या यंत्रहाताने केलेला सकाळपासूनचा अकरावा जॉब, म्हणजे ओतलेला भाग, फुकट गेला, तेव्हा डॉ. उल्का नेर्लेकरने हातातला पाना टेबलावर आपटला. लोखंडात नुसती भोकंच भोकं. कोल्हापूरजवळच्या या ओतकामाच्या कारखान्यात ती सात वर्षं होती आणि सात वेळा तिची 'नवीन भरती' झाली होती. अकरा महिने काम, मग आठ दिवस घरी, मग पुन्हा पहिल्याच पगारावर सही. हाही करार महिनाअखेर संपणार होता. नवा हात तोवर शिकला नाही तर पुढचा करार मिळणार नव्हता.

"जुना हात एकटा असला की एक जॉब वाया जात नाही," व्यवस्थापक मगदूम म्हणाले. ते स्वतः धातुशास्त्र शिकलेले. "मग नव्याला शिकवताना काय धाड भरते त्याला?"

"जुना हात साचे भरणाऱ्या चाळीस मोल्डरांकडून शिकला, साहेब. आपण त्यांच्या हातांत स्मृतिमोजे घातले, कपाळाला कॅमेरे बांधले. बोटांचा दाब, नजर, शेजारी कोण उभं आहे, सगळं त्यात उतरलं. नव्याचे सांधे वेगळे, म्हणून ती स्मृती तशीच त्याच्यात ओतता येत नाही. त्याने जुन्याचं बघूनच शिकायचं. आता हे पाहा."

तिने संगणकाचा पडदा वळवला. साचा भरला की सळईने वाळूत बारीक भोकं पाडायची, म्हणजे ओतताना गॅस निघून जातो, नाहीतर तो अडकून लोखंडात भोकं पडतात. किती पाडायची आणि कुठे, हे वाळूच्या ओलीवर ठरतं. नेमक्या त्याच वेळी जुना हात कोपर आडवं घालत होता. नव्याला काही दिसतच नव्हतं.

"मग मोबाइलवर चित्रण करा आणि ते दाखवा."

"मोबाइल धरला तरी तेच करतो."

त्या चाळीस जणांपैकी एकटे बापूसो कुंभार अजून कामावर होते, तेही नवा हात शिकेपर्यंतच. उल्काने त्यांना बोलावून घेतलं. बापूसोंनी पडद्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं.

"ह्यात नवल काय न्हाई, मॅडम. शेजारी नवा माणूस आणून उभा केला की आम्हास्नी धास्तीच बसायची. सगळं दाखवलं तर उद्या गेटवर पास चालायचा न्हाई. मग कोपर आपोआप आडवं येतंय. तो म्हणायचा, 'काका, दिसंना.' आम्ही म्हणायचो, 'त्यात काय बघायचंय, वाळूच हाय.'"

"चाळीसच्या चाळीस जण?"

"कायम कोण हुता का त्यात?"

बापूसो गेल्यावर उल्का म्हणाली, "यंत्र चुकत नाहीये, साहेब. ते चोख शिकलंय. कसब आणि धास्ती एकाच मोज्यातून आली, आता ती वेगळी निघत नाहीत. बापूसोंना कायम करा आणि पुन्हा मोजा घाला. धास्ती गेली की कोपर खाली येईल."

"एकाला कायम केलं की उद्या चारशे दारात उभे राहतील."

"जेवढं लोखंड भंगारात जातंय, त्यात त्यांचा पगार सहज निघेल."

"भंगाराचं वर सांगता येतं. कायम केलेल्या माणसाचं नाही सांगता येत." मगदूम उठले. "आणि तुमचा करार पुढे होणार नाही. सोमवारी डॉ. सौंदत्तीकर येताहेत, निम्म्या पगारात तयार झालेत. त्यांना सगळं नीट समजावून द्या."

उल्काला संताप आला. सात वर्षं राबून हे फळ. पण ज्ञान दडवणाऱ्यांची तिला पहिल्यापासून चीड होती. येणाऱ्या माणसाचा तरी काय दोष, काहीही हातचं न राखता दाखवायचं, असं तिने ठरवलं.

सोमवारी सौंदत्तीकर आले. पन्नाशीचे, दोन ठिकाणचे करार संपून आलेले. खुर्ची ओढून ते तिच्या शेजारी बसले आणि वही उघडली. उल्का मनापासून सांगू लागली. मोज्यांची नोंद कशी वाचायची, दाबाचा आलेख कसा लावायचा. मग वाळूच्या ओलीचा अंदाज नेमका कुठल्या आकड्यांत उतरतो, ते आलं. हे शोधायला तिची चार वर्षं गेली होती.

"मॅडम, जरा दिसत नाहीये," सौंदत्तीकर अवघडून म्हणाले.

उल्काने खाली पाहिलं. तिचं डावं कोपर टेबलावर आलं होतं, पडद्याच्या बरोबर आडवं. ते केव्हा आलं, हे तिलाही सांगता आलं नसतं. काढायला हवं, हे तिला कळत होतं.

"त्यात काय बघायचंय," ती म्हणाली. "नुसते आकडेच आहेत."